उत्तरेचं हिरवं पत्रक

४ सप्टेंबर

ही वही हिनं आणून दिली. "अहो, निवृत्त तुम्ही झालात, माझे कान झाले नाहीत अजून. दिवसभराचं जे काय साठतं ते यात लिहा," म्हणाली. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोचा सल्ला मोडू नये, म्हणून सुरुवात.

तर नोंद अशी, की मी पुन्हा नोकरीला लागलो. जन्मभर डोंगरावरच्या वेधशाळेत वैश्विक किरण मोजले, त्याबद्दल शेजाऱ्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही. आता एका विमान कंपनीला जाग आली आहे. विमान जितकं उंचावरून आणि जितकं ध्रुवाजवळून जातं तितके हे किरण आतल्या माणसांना जास्त लागतात. प्रवासी वर्षातून एकदोनदा जातो, त्याचं काही बिघडत नाही. क्रू मात्र सारखा तिथेच. तेव्हा पुढच्या महिन्यात किरण वाढणार की घटणार याचं एक पानाचं पत्रक मी काढायचं. ते क्रूच्या खोलीत फलकावर लागणार, आणि उत्तरेच्या फेऱ्या कुणी किती करायच्या ते त्यावरून ठरणार. म्हातारपणी माझ्या आकड्यांना गिऱ्हाईक मिळालं!

संध्याकाळी चिमणी आणि जावई जेवायला आले. चिमणी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. हे नाव ती रांगत होती तेव्हा पडलं, आणि मोठेपणी तिनं विमानातच नोकरी धरून ते खरं केलं. आता आम्ही बापलेक एकाच कंपनीत, ती हवेत आणि मी खुर्चीत. लहानपणी मी किरणांचं काढलं की ही पोरगी पाच मिनिटांत झोपायची. (तिला निजवायची जबाबदारी म्हणूनच माझ्याकडे होती.) आणि आज आपणहून विचारते, "बाबा, हे तुझे किरण नक्की येतात कुठून आणि कमी कधी होतात?"

मला काय, कोलीतच मिळालं. सांगितलं, की फुटलेल्या ताऱ्यांतून हे कण सगळीकडून येत असतात. सूर्य आपल्याभोवती सतत वारा फुंकतो. त्या वाऱ्याचा एक अफाट बुडबुडा झाला आहे आणि सगळे ग्रह त्याच्या पोटात आहेत. सूर्य खवळला, त्याच्यावर डाग उठले, की वाराही खवळतो आणि बाहेरचे किरण आत शिरताना अडखळतात. सूर्य शांत झाला की दार सताड उघडं.

"म्हणजे सूर्य गप्प बसला की आपल्याला वाईट?"

"अगदी. आणि सध्या तो गप्प आहे."

"घरात नेमकं उलटं असतं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

सगळे हसलो. चिमणी थोडं कमी हसली. तिनं कॉफीचा कप न पिताच जावयाकडे सरकवला, वास नको वाटतो म्हणाली. विमानातली कॉफी पिऊन पिऊन जीभ बिघडली असणार.

११ सप्टेंबर

कंपनीत माझे वरिष्ठ म्हणजे उड्डाणांचं वेळापत्रक सांभाळणारे साहेब. बोलताना समोरच्याकडे न बघता मनगटाकडे बघतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना घड्याळसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, त्याला फक्त सगळं काल हवं असतं.

मी चार पानांचं पहिलं पत्रक नेलं. त्यांनी ते उभ्या उभ्या चाळलं.

"सर, हे सगळं ठीक. रंग कोणता?"

"कसला रंग?"

"हिरवा म्हणजे हव्या तितक्या फेऱ्या. पिवळा म्हणजे उत्तरेला महिन्यातून दोनच. लाल म्हणजे एकही नाही. क्रूला भाषण नको असतं, रंग हवा असतो."

सप्टेंबर पिवळा दिला. क्रूच्या खोलीत कुरबूर झाली म्हणे. ज्यांना केबिनप्रमुख व्हायचं आहे त्यांना ठरावीक उत्तरेच्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात, आणि पिवळ्या रंगात त्या रेंगाळतात. चिमणीही त्याच रांगेत आहे. मी म्हटलं, "बापानंच वाट अडवली की गं तुझी!" तर पोरगी म्हणाली, "असू दे बाबा. पिवळाच बरा." मला वाटलं चिडेल. समजूतदार झाली आहे.

२० सप्टेंबर

जावईबापूंना काय झालंय कळत नाही. दोघं आले, तर हातातली पर्ससुद्धा हा तिला उचलू देईना. जिन्यात दोनदा "सावकाश" म्हणाला. मी म्हटलं, "अहो, ती आकाशात चालत जाते, तुमच्या जिन्याचं काय घेऊन बसलात!" बिचारा नुसता लाल झाला. पेशानं दंतवैद्य, बोलायची सवय असते ती तोंड उघडून बसलेल्या माणसाशी, त्यामुळे उत्तर द्यायचा सराव नाही.

चिमणी टोस्ट कोरडाच खात बसली होती. अंड्यांचा वास आला तशी उठून गॅलरीत गेली. मी हिला विचारलं, पोरीची तब्येत बरी नाही का? ही म्हणाली, "तुम्ही तुमच्या सूर्याकडे बघा."

गेल्या वर्षीपासून या मायलेकींचं असंच चाललंय. तेव्हा चिमणीला दिवस गेले होते आणि मी आनंदाच्या भरात ओळखीच्या झाडून सगळ्यांना फोन केले. पुढे ते राहिलं नाही. मग त्याच सगळ्यांना एकेक करून पुन्हा फोन करायची वेळ आली, आणि ते चिमणीनं पलीकडच्या खोलीतून ऐकलं. त्यानंतर माझ्यापर्यंत घरातली बातमी जरा उशिराच पोचते. मी त्यांना दोष देत नाही. पण वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर

सूर्य उठला! पंधरवड्यापासून डाग वाढतच आहेत, आज तर काठापासून काठापर्यंत माळ लागली आहे. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडली आणि हिला हात धरून दाखवली. ही म्हणाली, "देवी आल्यासारखा दिसतोय." म्हणेना का! मला तर नाचावंसं वाटलं. सूर्याची ही अकरा वर्षांची फेरी, तिची चढण सुरू झाली. आता वारा खवळणार आणि किरण खाली येणार. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला निबंध याच चढणीवर आहे. डाग वाढले, की दोनतीन महिन्यांत किरण हटतात. मी स्वतः मोजलं आहे.

चिमणीला फोन केला. ती विमानतळावरच होती.

"म्हणजे आता उत्तरेच्या फेऱ्यांना हरकत नाही?"

"हरकत? उलट आता पळ. तुझं केबिनप्रमुखपद पदरात पाडून घे."

"बाबा, नक्की ना?" तिनं दोनदा विचारलं. "कुणाच्याही बाबतीत हरकत नाही? अगदी कुणाच्याही?"

"अगं, तुझा बाप हेच करत म्हातारा झाला."

मग म्हणाली, "बरं. मग अजून थोडे दिवस ओढते." काय ओढते, ते विचारायचं राहिलं.

३ ऑक्टोबर

डोंगरावरून फोन. माझी जुनी विद्यार्थिनी आता तिथली वेधशाळा सांभाळते. मी तिला डोंगरवाली म्हणतो, ती मला अजून सर म्हणते.

"सर, डाग वाढलेत, पण किरणांचा काउंट तसूभर हललेला नाही."

"हलेल. वेळ लागतो."

"तेच म्हणतेय. तुमचा निबंध गेल्या फेरीवरचा आहे. ही त्याच्या उलटी फेरी आहे, सूर्याचे ध्रुव उलटे. अशा फेरीत किरण दोनतीन महिन्यांत हटत नाहीत, वर्षवर्ष रेंगाळतात. तुम्हीच वर्गात सांगायचात, गीझर पेटवला म्हणून नळाखाली उडी मारू नका, आधी नळीतलं गार पाणी संपू दे. या फेरीत नळी लांब आहे, सर."

मी म्हटलं, नळी लांब की आखूड ते मला ठाऊक आहे. जरा जोरातच म्हटलं. आपणच शिकवलेलं आपल्याला परत ऐकायला मिळालं की माणूस फणकारतो.

९ ऑक्टोबर

खरं लिहायचं तर मनात पाल चुकचुकते आहे. डोंगरवालीचं चुकीचं नाही. ध्रुव उलटे असताना किरण दुसऱ्या वाटेनं आत येतात आणि ती वाट लवकर बंद होत नाही, हे पुस्तकात आहे, माझ्याही पुस्तकात आहे. पण तशा फेऱ्या आपण मोजल्या तरी किती? हाताच्या बोटांवर. आणि माझी फेरी मी रोजच्या रोज मोजली, थंडीवाऱ्यात.

पत्रकात लिहिलं, "सूर्याची वाढती हालचाल पाहता उत्तर मार्गावरील किरण यापुढे बहुधा घटतील." घड्याळसाहेबांनी पेन काढलं.

"बहुधा म्हणजे काय, सर? घटतील की नाही घटतील?"

"घटतील, बहुधा."

"हिवाळ्याचं वेळापत्रक आज छपाईला जातंय. बहुधाला कोणता रंग देऊ?"

पिवळा म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण पिवळा म्हणजे डोंगरवालीचं बरोबर, माझा निबंध जुना आणि मीही जुना. शिवाय चिमणीच्या फेऱ्या डोळ्यांपुढे होत्या. बापानं पोरीची वाट एकदा अडवली, पुन्हा कशाला?

"हिरवा," म्हणालो. त्यांनी ‘बहुधा’वर काट मारली. मी खाली सही केली.

१० ऑक्टोबर

पत्रक फलकावर लागलं. चिमणीनं त्याचा फोटो पाठवला. कुणीतरी कोपऱ्यात हसरा सूर्य काढला आहे. खाली तिनं लिहिलंय, "बाबांचा हिरवा."

१७ ऑक्टोबर

ही शिलाईयंत्रावर चिमणीच्या गणवेशाचा स्कर्ट घेऊन बसली होती. कंबरेची शिवण उसवून सैल करत होती. मी म्हटलं, विमानातलं जेवण अंगाला लागलेलं दिसतंय. हिनं तोंडात टाचणी होती म्हणून नुसतं "हं" केलं. टाचणी काढून शिवणीला लावली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचं ते पत्रक बरोबर आहे ना हो?"

आजवर कधी माझ्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. बरं वाटलं. म्हटलं, "शंका आहे का?"

"मला कसली शंका येणार? तुम्ही म्हणता म्हणून सगळं चाललंय."

आठवड्याला एक उत्तरेची फेरी करते चिमणी सध्या. घरी आली की सोफ्यावर आडवी होते आणि जावई तिच्या पायांवर शाल टाकतो.

२५ ऑक्टोबर

आज मोजणी धाडकन खाली आली! परवा सूर्यावर मोठा भडका उडाला होता, त्याचा लोट आज पृथ्वीपाशी पोचला आणि किरण एकदम हटले. मी डोंगरवालीला फोन लावला. "घे. हा सूर्य, हा जयद्रथ!"

ती हसली नाही. म्हणाली, "सर, त्या गोष्टीत सूर्य मावळलाच नव्हता. नुसता झाकला गेला होता. हाही एक लोट आहे. चार दिवसांनी निघून जाईल आणि मागचं सगळं परत दिसेल. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?"

फोन मीच ठेवला.

३१ ऑक्टोबर

काउंट परत वर. होता तिथेच, काकणभर जास्तच.

३ नोव्हेंबर

तीन दिवस जेवण गोड लागत नाही. सगळी जुनी गणितं काढून बसलो. उलट्या फेऱ्यांचेच आकडे घालून पुन्हा केलं. उत्तर तेच येतं, किरण घटायला पुढचा उन्हाळा उजाडेल. म्हणजे मी हिरवा दिला तेव्हा पिवळाही सैल होता, लाल द्यायला हवा होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कुणाचं फार बिघडलं असं नाही. धट्ट्याकट्ट्या माणसाला एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही. तरी उद्यापरवा साहेबांशी बोलायला हवं. कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करतो आहे. सही करताना एवढा वेळ लागला नव्हता.

६ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी हिला म्हटलं, "पत्रक चुकलं माझं. उद्या रंग बदलावा लागणार. हसतील लोक."

ही इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं आणि खाली बसली. "चुकलं म्हणजे? किरण कमी नाहीत?"

"नाहीत. वाढलेत थोडे. का गं?"

"अहो," ती म्हणाली आणि माझा हात धरला. "अहो, चिमणीला दिवस गेलेत. चौथा सरत आलाय."

मी म्हटलं, कुणाला माहीत होतं? म्हणाली, मला, जावयाला. तुम्हाला पाचव्यात सांगणार होतो, सगळं सुखरूप दिसल्यावर. कंपनीत कळवलं की त्याच दिवशी विमानातून उतरवतात. तिच्या केबिनप्रमुखाच्या चारच फेऱ्या उरल्या होत्या. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळवणारच होती, अर्जसुद्धा लिहिला होता. मग तुमचा फोन आला.

पोटातल्या जिवाला मोठ्या माणसाच्या मानानं फारच थोडे किरण चालतात. मर्यादा कितीतरी खाली असते. ही मर्यादा ठरवताना जी समिती बसली होती तिला आकडे मी दिले होते.

कॉफीचा कप. अंड्यांचा वास. जिन्यातलं "सावकाश". कंबरेची शिवण माझ्या डोळ्यांसमोर उसवली आणि मी विनोद केला. आकाशातली एवढीशी हालचाल टिपणारा माणूस मी, आणि हे माझ्याच घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आता कुठे आहे ती?" मी विचारलं.

हिनं खिडकीबाहेर वर बघितलं. सकाळीच निघाली होती. उत्तरेला. ही शेवटची फेरी होती.

गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आकाश स्वच्छ होतं, ऊन चांगलं पडलं होतं. जन्मभर त्याच्याकडे बघत आलो, आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

७ नोव्हेंबर

सकाळी पहिला गेलो तो घड्याळसाहेबांकडे. लाल पत्रक पुढे ठेवलं.

"महिन्याच्या अखेरीला बदलू," ते म्हणाले. "मधेच लाल केला तर निम्मी उड्डाणं रद्द करावी लागतील. तुम्ही म्हणालात हिरवा, म्हणून छापलं मी."

"मी म्हणालो. आणि मी चुकलो."

"सर, बसा. पाणी घ्या."

बसलो नाही. क्रूच्या खोलीत जाऊन स्वतः हिरवं काढलं आणि लाल टोचलं. कुणी अडवलं नाही. साहेब दारात येऊन उभे होते. मनगटाकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "राहू द्या ते. मी फोन करतो वरती."

हिरवा कागद माझ्या हातातच राहिला. तो घेऊन क्रू बाहेर येतो त्या दारापाशी थांबलो. चिमणी आली, चाकाची बॅग ओढत, केस नीट बांधलेले, ओठांना लावलेलं तसंच. मला बघून हसली. "बाबा, झाल्या माझ्या फेऱ्या पूर्ण! तू घ्यायला आलास?"

मग तिनं कागद बघितला, मग माझं तोंड.

"आईनं सांगितलं?"

मी मान हलवली. तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, ध्रुव उलटे, लांब नळी, काट मारलेला शब्द. ती ऐकत होती. लहानपणी झोपायची, आज डोळे टक्क उघडे होते.

"किती झाले माझे?" तिनं विचारलं.

मी तिच्या फेऱ्या तोंडीच मांडल्या. सप्टेंबरच्या दोन, मग हिरव्यातल्या या चार. बाळासाठी सगळ्या नऊ महिन्यांची जी मर्यादा, तिला जाऊन टेकली होती पोरगी.

"मग आता काय होईल बाळाला?"

"बहुधा काही होणार नाही. मर्यादा मुद्दामच फार खाली ठरवलेली असते. ती गाठली म्हणजे काही झालंच असं नाही. शक्यता फार फार कमी."

"बहुधा," ती म्हणाली. "हा शब्द मला फोनवर का नाही सांगितलास, बाबा? साहेबांनी पत्रकातून काढला. फोनवर कुणी काढला?"

लोक बॅगा ओढत आमच्या समोरून जात होते. तिनं बॅगेचा दांडा धरला आणि एकटीच टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो नाही. जायला हवं होतं का, अजून कळत नाही.

१९ नोव्हेंबर

चिमणीनं कंपनीला कळवलं. विमानातून उतरवलं तिला. केबिनप्रमुखाचं पद मात्र देत नाहीत. फेऱ्या पूर्ण असल्या तरी पद हवेत जाणाऱ्यालाच, परत आलीस की बघू म्हणाले. म्हणजे ज्यासाठी गेली तेही नाही.

माझ्याशी बोलत नाही. हिच्याशी रोज बोलते. फोन वाजला की ही तो घेऊन आत जाते, आणि मी टीव्हीचा आवाज कमी करतो.

२ डिसेंबर

राजीनामा लिहून नेला. घड्याळसाहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर पुढचं पत्रक कोण काढणार? चूक झाली तर सांगणारा माणूस मला परत कुठे मिळणार?" आणि कागद फाडला. मी पत्रक आता डोंगरवालीला दाखवल्याशिवाय देत नाही. ती दोनदा तपासते, मी तिसऱ्यांदा. दुधानं तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितो.

१४ डिसेंबर

आज तपासणी होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. दवाखान्याच्या बाहेर गाड्या लावतात तिथे उभा राहिलो. जावयानं काचेतून बघितलं आणि बाहेर आला. न बोलणारा माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, ठोके चांगले आहेत. वाढ ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काळजीसारखं काही दिसत नाही."

"आत्ता तरी?"

"तेच म्हणाले."

मला त्या डॉक्टरांचा राग यायला हवा होता. आला नाही. माणूस जेवढं दिसलं तेवढंच बोलला.

तो आत गेला, पुन्हा बाहेर आला. "ती म्हणते, थंडीत उभे राहू नका. घरी जा म्हणते." एवढं निरोपाचं बोलणं, पण मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. ही म्हणाली, "रागावलेलं माणूस थंडीची काळजी करतं होय?" मला काही कळत नाही त्यांचं.

९ जानेवारी

चिमणीला जमिनीवरचं काम दिलं आहे, क्रूच्या खोलीतल्या टेबलावर. फलकाची व्यवस्था त्याच टेबलाकडे. म्हणजे दर महिन्याला माझं पत्रक टोचायचं ते तिनंच.

आज ते घेऊन गेलो. मला वाटलं, बघणारही नाही. तिनं पेन्सिल घेतली आणि ओळीओळीवर बोट ठेवत वाचलं. "इथं ‘बहुधा’ का आहे?" "इथं ‘बहुधा’ का नाही?" मी सांगत गेलो. एका ओळीत तिनं स्वतःच घातला. बरोबर जागी. सगळं कामापुरतं बोलली, घरचं एक अक्षर नाही. तरी पायऱ्या उतरताना मी नेहमीसारखा कठडा धरला नाही.

११ फेब्रुवारी

काउंट अजून वरच. डोंगरवाली म्हणते उन्हाळ्यापर्यंत तरी नाही. पत्रक लाल.

चिमणी आता चांगली जड झाली आहे, टेबल आणि खुर्चीमध्ये मावत नाही, खुर्ची मागे ओढून बसते. मी पत्रक दिलं. तिनं वाचलं, पेन्सिल खाली ठेवली, पण टोचायला उठली नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, मला सारखी स्वप्नं पडतात."

"कसली?"

"नाही सांगत." तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. "सगळं नीट होईल ना रे?"

पाच महिन्यांपूर्वीचा मी असतो तर बोलूनही मोकळा झालो असतो. आता मी काय सांगणार? आकडे माहीत आहेत मला. शक्यता फार चांगली आहे, पण शक्यताच आहे. मी शब्द जुळवायला लागलो तशी तिनं हात वर केला.

"आणि आज ‘बहुधा’ म्हणू नकोस."

मी बघत राहिलो तिच्याकडे. एका शब्दासाठी तीन महिने कामापलीकडे बोलली नव्हती माझ्याशी, आणि आज तोच नको म्हणत होती. तिलाही ठाऊक होतं मी काय गाळणार ते.

"नीट होईल," मी म्हणालो. "सगळं नीट होईल, चिमणे."

तिनं डोळे पुसले. मग उठून लाल पत्रक फलकावर लावलं, चारही कोपऱ्यांना टाचण्या नीट दाबल्या, आणि माझ्या हाताचा आधार घेऊन जेवायला निघाली.